सोबत काय मोफत?

पांडेसऱ्यात मराठी शाळा आहे म्हटलं की पुण्याचा माणूस आधी पांडेसरा कुठे ते विचारतो, आणि ‘सुरतेत’ असं उत्तर मिळालं की थेट इतिहासात शिरतो. 1664 आणि 1670 ही दोन सालं सोडली तर मराठी माणूस सुरतेला गेलाच नसावा, अशी त्याची खात्री असते. त्यानंतर खानदेशातून जी माणसं आली ती राहायलाच आली, हे त्याच्या गावी नसतं. नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, अमळनेर इथून गाडीत बसायचं, उधन्याला उतरायचं, ओळखीच्या माणसाच्या खोलीत पथारी टाकायची आणि दुसऱ्या दिवशी मिलमध्ये नाहीतर खात्यावर पाळीला उभं राहायचं. यंत्रमागाच्या कारखान्याला इथे खातं म्हणतात. आमचे बरेचसे पालक रोज खात्यावर जातात, बँकेत खातं असो वा नसो.

सुरत महापालिकेची शिक्षण समिती गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांतून शाळा चालवते. म्हणजे या शहरात पाटी-पेन्सिलीचा हिशेबसुद्धा सहा लिप्यांत होतो असं समजा (मराठी-हिंदीची लिपी एकच). आमची शाळा त्या थाटाची नाही, लहानशा संस्थेची आहे. ग्रंथालय म्हणजे दोन लोखंडी कपाटं. ज्या शिक्षकाचे तास कमी तो ग्रंथपाल, आणि मराठी शिकवणाऱ्याला वाचायची आवड असते हा गैरसमज सर्वत्र असल्यामुळे ती कपाटं माझ्याकडे आली. एका कपाटाची किल्ली हरवलेली होती. ते कायम उघडं असायचं, आणि मुलं त्यातलीच पुस्तकं वाचायची.

मग शाळेत संगणक आले. कुठल्याशा दिलदार शेठजींच्या कचेरीत नवे आले म्हणून त्यांचे जुने आम्हाला मिळाले. त्यांच्यासाठी वेगळी खोली झाली, पडदे लागले, बाहेर ‘चपला येथे काढाव्यात’ अशी पाटी लागली. संगणकाला धूळ चालत नाही म्हणे. इथे पांडेसऱ्यात प्रोसेस हाउसच्या चिमण्या दिवसरात्र कोळसा ओकतात, सकाळी पुसलेल्या कठड्यावर दुपारी बोटाने नाव लिहिता येतं, आणि आम्ही धुळीला दाराशी चपला काढायला सांगत होतो. असो. संगणक आले म्हणजे संगणकाची मासिकंही आली पाहिजेत, असा ठराव झाला आणि निवड समिती नेमली गेली.

समितीत मोठ्या बाई, विज्ञानाचे सर, कारकून भाऊसाहेब, मी आणि खेळाचे सर. खेळाचे सर कशासाठी, तर समितीत विषम संख्या असावी लागते. भाऊसाहेबांनी तक्ता आखून आणला: मासिकाचं नाव, भाषा, वर्षाची वर्गणी, पानं, सोबत काय मोफत, शेरा. ‘मजकूर’ नावाचा रकाना नव्हता. कागद संपला होता, असं ते म्हणाले.

तो काळ मासिकाबरोबर येणाऱ्या सीडीचा होता. आजच्या मुलांना यातली गंमत सांगून पटत नाही. टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट यायचं. छप्पन्न के नावाचा मोडेम कधी नव्हे तो पूर्ण वेगाने चालला, तरी एका सीडीत मावेल एवढा माल उतरवायला चोवीस तासांहून जास्त वेळ लागला असता. तेवढा वेळ लाइन टिकणं आणि नंतर टेलिफोनचं बिल पाहून माणूस टिकणं, दोन्ही अवघड. त्यामुळे तोच माल पोस्टमन पिशवीतून आणून द्यायचा. 1987 साली सुरू झालेलं ‘पीसी क्वेस्ट’ नव्वदच्या दशकात लिनक्सच्या सीडी वाटायचं. देशातल्या कितीतरी पोरांनी लिनक्स पहिल्यांदा पाहिलं ते या पाकिटातून. ‘चिप’ची भारतीय आवृत्ती 2001 साली ‘डिजिट’ झाली, आणि तिच्या अंकाबरोबर सीडी नि छोट्या पुस्तिका येऊ लागल्या. अशा मासिकांचं खरं काम टपालखात्याचं होतं. लेख ही पाकीट बंद राहावं म्हणून केलेली सोय.

खेळाच्या सरांचं मत पहिल्यापासून स्पष्ट होतं. ज्याच्या सीडीत क्रिकेट आहे ते घ्यावं. विज्ञानाच्या सरांना जाड मासिक हवं होतं. मोठ्या बाईंची अट एकच, मुखपृष्ठ मुलींसमोर ठेवण्याजोगं असावं. मोबाइलच्या आणि मॉनिटरच्या जाहिरातीतसुद्धा बाई लागतेच, हे त्यांनी बुकस्टॉलवर उभ्याउभ्या पाहिलेलं होतं. भाऊसाहेबांना तीन वर्षांच्या वर्गणीवर सूट आणि पावती. माझं मत कोणी विचारलं नाही आणि तेव्हा मला ते होतं असंही नाही.

मासिकं येऊ लागली. सीड्या पहिल्या दिवशी मोठ्या बाईंच्या कपाटात, कुलपात. मासिकं मुलांच्या हातात. मी एक पाहत आलो की मुलं जाहिराती वाचतात. नुसतं चाळत नाहीत, अभ्यास केल्यासारखं वाचतात. ज्याच्या घरी आई दिवसभर साड्यांचे धागे कापते, एका साडीमागे काही रुपयांनी, तो पोरगा दोन कंपन्यांच्या प्रिंटरमध्ये मिनिटाला किती पानं निघतात याची तुलना करून आपला निर्णय जाहीर करायचा. आणि निर्णय बरोबर असायचा. घ्यायचं काहीच नसलं की माणूस फार निःपक्षपातीपणे निवड करतो. पण लेख कोणते होते? ‘पन्नास हजारांच्या आतले दहा लॅपटॉप’. ‘या दिवाळीत कोणता कॅमेरा घ्याल?’ ही मासिकं समजून घेणाऱ्यासाठी कमी आणि विकत घेणाऱ्यासाठी जास्त होती. तो काही गुन्हा नव्हे, मासिकालाही पोट असतं. पण शाळेच्या कपाटात ती सहा महिन्यांत मेथीच्या जुडीसारखी पिवळी पडायची.

तेव्हापासून मी एक परीक्षा घ्यायला लागलो. मासिक निवडायचं तर त्याचा ताजा अंक पाहायचाच नाही. तेरे नाम चौकडीच्या (हो, सिनेमाचंच नाव; चौकडी म्हणजे चौक) अलीकडे एक पस्तीवाला बसतो. पस्ती म्हणजे आपली रद्दी. त्याच्याकडून त्याच मासिकाचा तीनेक वर्षं जुना अंक घ्यायचा आणि पेन्सिल घेऊन बसायचं. किमती दिल्या आहेत ते पान खोडा. ‘लवकरच बाजारात’ खोडा. तुलना, क्रमवारी, सवलतीची कुपनं, संपादकांनी केलेली भविष्यवाणी खोडा. भविष्यवाणी खोडण्याआधी एकदा वाचून घ्यावी, तेवढी करमणूक हक्काची आहे. मग जे उरतं तेवढंच ते मासिक.

काहींचं काहीच उरत नाही. काहींची चकित व्हावं इतकी पानं उरतात. हार्ड डिस्कचं डोकं तबकडीला न टेकता तिच्यावर कसं तरंगतं, एवढं मोठं चित्र एवढ्याशा फाइलीत कसं दाबून बसवतात, आज्ञावलीतली चूक कुठून शोधायला लागावं, हे सगळं तीन वर्षांनीही तितकंच ताजं असतं. ‘डिजिट’ची एकेका विषयावरची ‘फास्ट ट्रॅक’ पुस्तिका या परीक्षेत मूळ अंकापेक्षा पुढे गेली. आणि पहिला नंबर आला ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’चा. हे 1969 सालापासून निघतं. त्यातली 555 टायमरची जोडणी घ्या. ती चिप 1972 च्या सुमाराला बाजारात आली आणि अजून कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळते. माझ्याहून जुन्या अंकातली आकृती पाहून आजही दिवा लुकलुकतो. मी हे समितीपुढे मांडलं तर विज्ञानाचे सर म्हणाले, “अहो, हे रेडिओवाल्यांचं मासिक आहे. आपल्याला संगणकाचं हवंय.” संगणक कशाचा बनतो हा प्रश्न कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता.

अमेरिकेत ‘बाइट’ नावाचं मासिक होतं, 1975 ते 1998. बंद पडून इतकी वर्षं झाली तरी त्याचे अंक लोक शोधून शोधून वाचतात. आणि त्याच 1975 सालच्या ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’च्या जानेवारी अंकाच्या मुखपृष्ठावर अल्टेअर नावाच्या संगणकाचं चित्र आलं. पॉल ॲलनने तो अंक हार्वर्ड चौकातल्या स्टॉलवर पाहिला आणि घेऊन बिल गेट्सकडे पळाला. पुढे मायक्रोसॉफ्ट झाली. (तेही, बघा, रेडिओवाल्यांचंच मासिक.) मला नेहमी वाटतं, बरं झालं तो अंक स्टॉलवर होता. एखाद्या शाळेच्या ग्रंथालयात असता तर नोंद, शिक्का आणि कपाटाची किल्ली होईस्तोवर तो हिवाळा निघून गेला असता.

तसे आपल्याकडेही शाळांत संगणक फार लवकर आले. 1984-85 साली केंद्र सरकारने ‘क्लास’ नावाची योजना काढून काही शाळांना इंग्लंडचे बीबीसी मायक्रो दिले. त्या काळातल्या परदेशी मासिकांत पानंच्या पानं आज्ञावली छापलेल्या असायच्या. मुलांनी त्या ओळीने ओळ टंकायच्या, शेवटी एक स्वल्पविराम चुकायचा आणि मग तो शोधण्यात रविवार जायचा. शुद्धलेखनाचं महत्त्व पटवायला याहून चांगलं साधन माझ्या पाहण्यात नाही, आणि हे मी मराठीचा शिक्षक म्हणून सांगतो.

माझ्या परीक्षेतली खरी मेख मात्र मला एका विद्यार्थ्याने दाखवली. कुठल्याशा अंकात फ्लॉपीवर लेख होता, जवळजवळ मृत्युलेखच. ॲपलने 1998 साली आयमॅकमधून फ्लॉपीची खाचच काढून टाकली, 2011 साली सोनीने फ्लॉप्या बनवणं थांबवलं, एक युग संपलं वगैरे. सोबत फोटो. आठवीतला एक मुलगा तो फोटो घेऊन माझ्याकडे आला. “सर, हाई काय शे?” असं विचारायला नव्हे. ते त्याला माहीतच होतं. तो म्हणाला, “सर, यात लिहिलंय ही मेली. माझे पप्पा काल रात्रपाळीला हीच घालत होते.”

त्याचे वडील एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर होते. सुरतेत साडीवरचं भरतकाम संगणकी मशीन करते. नक्षी आधी संगणकावर बसवायची, त्याला इथे पंचिंग म्हणतात. मग ती फाइल मशीनला द्यायची, आणि मशीन जुनी असली तर फ्लॉपीनेच. एका फ्लॉपीत 1.44 एमबी. आजचा मोबाइलमधला साधा फोटोही मावणार नाही एवढ्या जागेत कुणाच्या तरी लग्नाच्या पदरावरचे मोर मावतात. जिला दिल्ली-मुंबईच्या संपादकांनी मूठमाती दिली होती ती पांडेसऱ्यात पाळी भरत होती.

यंत्रमागांच्या दुनियेत जन्मलेल्या मुलाला खरं तर संगणकाची ओळख मासिकाने करून द्यायला नकोच. जकार्ड मागावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते. भोक असेल तिथे धागा वर, नसेल तिथे खाली. फ्रान्सच्या जकारने ही युक्ती 1804 साली मागावर बसवली, पुढे चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी तीच उचलली, आणि एडा लव्हलेसने तर ते यंत्र बीजगणित विणतं असंच म्हणून ठेवलं. हो किंवा नाही, एक किंवा शून्य. आमच्या वर्गातल्या मुलांना मी हे सांगितलं तेव्हा कोणीही चकित झालं नाही. “म्हणजे डिझाइनचं पत्रं,” मागच्या बाकावरून आवाज आला, आणि विषय संपला. मी तयार करून आणलेली अर्ध्या तासाची प्रस्तावना तशीच राहिली.

तर मेख अशी: शिळं कुणासाठी? आमचे संगणक दुसऱ्यांनी वापरून दिलेले. मशीनं दुसऱ्या-तिसऱ्या हाताची. गावाकडे आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) जाताना पप्पांचा जुना मोबाइल आजोबांना जातो. पांडेसऱ्याचं पंचांग बाजाराच्या पंचांगाच्या मागून चालतं, पण चालतं. तीन वर्षांपूर्वीचा अंक आमच्या तीन-चार वर्षं जुन्या संगणकांना अगदी वेळेवर पोचतो. ताजा अंक वाचून मुलं आमच्याकडे नसलेल्या यंत्राची माहिती मिळवायची. जुना अंक वाचून समोरचं यंत्र दुरुस्त करायची. मग वर्गणी कशाला भरायची? पस्तीवाल्याकडूनच गठ्ठा घ्यावा, किलोच्या भावाने.

हा विचार मी मांडला आणि भाऊसाहेब पहिल्यांदाच मनापासून हसले. पस्तीवाला पक्कं बिल देतो का? नाही. दाखल नोंदवहीत प्रत्येक अंकाची किंमत लिहावी लागते. ‘साडेचार किलो’ हा आकडा त्या रकान्यात चालेल का? नाही. आणि वर्षाअखेर जुने अंक निर्लेखित करून रद्दीत काढायचे असतात. मुळात रद्दीतून आलेलं पुन्हा रद्दीत काढलं तर लेखापरीक्षक काय म्हणेल? यावर मलाही उत्तर सुचलं नाही. पाहायला गेलं तर प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे.

मी दुसरी सूचना केली. आसपासच्या शाळांनी मिळून एक पेटी करावी, प्रत्येकीने एकेक मासिक घ्यावं, आणि पेटी महिन्याला फिरावी. कल्पना माझी नाही. मालेगावजवळच्या कवळाण्याच्या शेतकऱ्याच्या घरातला एक मुलगा बडोद्याच्या गादीवर आला. त्या सयाजीरावांनी 1910 साली बोर्डेन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल बोलावून घेतला आणि पुस्तकांच्या लाकडी पेट्या गावोगाव फिरवल्या. आमच्या भागातून गुजरातेत आलेला माणूस इतकं करून गेला, तर आपण पांडेसरा ते भेस्तान एक पेटी न्यायला काय हरकत आहे, असं मी जरा भावनेच्या भरात बोललो. सुरतेला तेव्हा त्या पेट्यांचं सुख नव्हतं, सुरत इंग्रजांची. नवसारी गायकवाडांची, आणि मधलं सचिन स्टेशन सिद्दी नवाबाच्या संस्थानातलं. उधन्याहून नवसारीला जाणाऱ्या माणसाने पाव तास डुलकी काढली तरी दोन राज्यं बदललेली असायची. आता सगळीकडे एकच राज्य आहे. तरी भाऊसाहेबांनी विचारलं, “पेटी कुणाच्या डेडस्टॉकवर दाखवायची?” पेटीचा विषय पुढील बैठकीपर्यंत तहकूब झाला आणि पुढील बैठकीत तो विसरला गेला.

मधल्या काळात मासिकंच विरळ होत गेली. अमेरिकेत ‘पीसी वर्ल्ड’ची छापील आवृत्ती 2013 साली थांबली, ‘मॅक्सिमम पीसी’ची 2023 साली. सीडीची खाच नव्या लॅपटॉपमध्ये नसतेच. मोठ्या बाईंच्या कपाटातल्या सीड्यांचं पुढे काय झालं? काही खेळाच्या सरांनी मैदानाच्या कडेला कबुतरांना बुजवायला टांगल्या. क्रिकेटची सीडी मात्र त्यांत नव्हती.

दरम्यान इंग्लंडमध्ये एक चमत्कार झाला. डिसेंबर 2015 चा ‘मॅगपाय’चा अंक निघाला तेव्हा मुखपृष्ठावर मोफत सीडी नव्हती, संगणकच चिकटवलेला होता. रास्पबेरी पाय झीरो, किंमत पाच डॉलर, आकाराने काडेपेटीहून थोडा मोठा. मी त्या वर्षीच्या तक्त्यात ‘सोबत काय मोफत’ या रकान्यात प्रामाणिकपणे ‘संगणक’ असं लिहिलं. समितीत क्षणभर शांतता पसरली. मग मोठ्या बाई फार मायेने म्हणाल्या, “सर, तुम्ही थोडे दिवस रजा घ्या.”

यंदाची यादी मी सरळ ठेवली आहे. गुजरात बोर्डाच्या अकरावीच्या संगणकाच्या पुस्तकात उबुंटू लिनक्स आणि सिनफिग शिकवलंय, तेव्हा ‘ओपन सोर्स फॉर यू’. हे आधी ‘लिनक्स फॉर यू’ होतं, 2012 साली बारसं बदललं. ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ तर आहेच, रेडिओवाल्यांचं का असेना. गुजराती सगळ्यांनाच वाचता येतं म्हणून ‘सायबरसफर’. मराठीतून विज्ञान हवंच, म्हणून 1928 पासूनचं ‘सृष्टिज्ञान’. पाचवी-सहावीसाठी बालभारतीचं ‘किशोर’, ज्याचे जुने अंक फाटेपर्यंत वाचले जातात आणि फाटल्यावर चिकटवून वाचले जातात, म्हणजे माझी परीक्षा त्याने मी घेण्याआधीच पास केली होती. आणि शेवटी, अगदी तळाला, ‘मागील वर्षांचे निवडक अंक, एक गठ्ठा’. पस्तीवाल्याच्या पुतण्याने अलीकडे दुकान काढलंय आणि तो पक्कं बिल देतो, हेही शेऱ्यात नमूद केलं. ‘सोबत काय मोफत’ या रकान्यात आडवी रेघ.

मोठ्या बाईंनी सही केली. खेळाच्या सरांनी केली. भाऊसाहेबांनी गठ्ठ्याच्या ओळीवर बोट ठेवून एवढंच विचारलं की तीन वर्षांपूर्वीचा अंक आज विकत घेतला तर त्याचा खर्च कोणत्या आर्थिक वर्षात टाकायचा. मी म्हणालो, याच. ते म्हणाले, “पण अंकावर तर ते साल आहे.” सध्या ते जुन्या फायली काढून बसले आहेत, असा प्रकार आधी कधी झाला होता का ते बघायला.